खेचरभांग

सिमगाड, १२ असोज

खडक,

आशीर्वाद वगैरे शेवटी बघू. आधी कामाचं.

तुझं पत्र दीवानच्या जीपमधून आलं. नऊ वर्षांनी भावाचं अक्षर बघितलं. अजून तसंच आहे, बकरी चरत गेल्यासारखं. इजानं विचारलं, "कुणाचं गं?" (इजा म्हणजे तुला जन्म देणारी बाई, आठवत असेल.) मी म्हटलं, "कंपनीचं." खोटं नाही बोलले. त्या पत्रात तू कुठेच नाहीस, सगळीकडे कंपनीच आहे.

तर तुझी कंपनी गाडेपलीकडे (गाड म्हणजे आपली नदी, शहरात विसरला असशील) तोलीच्या शेतांत भांग लावणार. बाहेरून आणलेलं बी, नशा नसलेलं, सरकारच्या नियमात बसणारं. कापडासाठी तंतू काढणार. तोलीवाल्यांनी सह्या केल्या, येत्या जेठात पेरणी. आणि मी सिमगाडच्या बायकांची समजूत घालून त्यांना सोलायच्या कामाला आणावं, म्हणजे दोन्ही गावांचं भलं होईल. वाचून हसू आलं.

तू इथेच वाढलास ना रे? दुपारचा वारा कुठून कुठे जातो ते विसरलास? जेवणं आटोपली की गाडेवरून जो वारा उठतो तो तोलीची शेतं चाटत सरळ भांगधुऱ्यावर, आपल्या रानभांगेच्या माथ्यावर, चढतो. इजा वाळवणावर दगड ठेवते ती त्याच्याच धाकानं. भदौमध्ये तुझ्या भांगेला फुलं आली की नरझाडांची सगळी धूळ त्या वाऱ्यावर बसून धुऱ्यावर जाणार. आणि आपल्या माद्या घराणं विचारत बसत नाहीत. येईल ती धूळ घेतात. पहिल्या वर्षी थोडं बी बाटेल, मग त्या बियांतून आणखी, आणि मग एके दिवशी आपण वर जाऊ तेव्हा तिथे भांग असेल, पण आपली नसेल.

ती कुणी पेरली ते आमाच्या आमालाही, आजीच्या आजीलाही, ठाऊक नव्हतं. मेंढ्या बसायची जुनी जागा, एवढंच सगळे सांगतात. घरच्या वाफ्यातली भांग थकली, बी बारीक पडायला लागलं, की या खोऱ्यातलं प्रत्येक गाव तिथूनच मूठभर बी आणतं. चटणी तिची, गडेरीच्या कंदांच्या भाजीत घालायचं दूध तिचं, गुरांची दावी तिची, आपल्या बापाला, बाज्यूंना, स्मशानात नेलं तो दोरही तिचाच होता. ती गेली तर पुन्हा कुठून आणायची, तुझ्या कंपनीकडून?

मला तुझ्या शेतीचं वाकडं नाही. तोलीच्या पोरींना काम मिळेल तर बरंच. पण बी असं आण की त्याची धूळ कितीही उडाली तरी त्यातून काही रुजणार नाही. असतं तसं. बिनबियांचं कलिंगड तू शहरात खातोसच. वांझ बी आण, मग बोलू. नाहीतर जेठात मी तोलीच्या बांधावर जाऊन बसेन, आणि मला उठवायला तुलाच यावं लागेल.

खिमुली

('दिदी' लिहिलेलं नाही, ते बघून ठेव.)

---

२० कार्तिक

खडक,

"वांझ बी कोण विकणार? वांझ गोष्टीला बाजारात भाव नसतो."

हे लिहिताना आपण कुणाला लिहितोय ते विसरला होतास, की आठवून लिहिलंस? माझ्या सासरच्यांनी मला परत पाठवताना हेच सांगितलं होतं, फक्त शब्द जरा गोड होते. मी पत्र चुलीत घालणार होते. पण त्याच पाकिटात बियांची पुडी होती, आणि बियाणं मला जाळवत नाही, कुणाचंही असो.

म्हणजे शोधलंस तर खरं. सपाटीवरच्या कुणा व्यापाऱ्याकडून. पुडीवर ठसठशीत छापलंय की या बियांच्या झाडांपासून पुढे बी होत नाही. छापलेलं सगळं खरं असतं तर काय हवं होतं. मी तपासणार.

कुठे, ते ऐक. मागच्या खोलीत. तुला ती आठवायला हवी. तुझ्या हळदीच्या दिवशी मला तिथे बसवलं होतं आणि इजानं बाहेरून कडी घातली होती, नवऱ्यामुलावर वांझ बाईची सावली नको म्हणून. मला ढोल ऐकू येत होता. तू दारासमोरून गेलास, तुझ्या नव्या जोड्याची करकर मी ओळखली. क्षणभर थांबलासही. मग गेलास.

असो. खोली चांगली आहे. एकच खिडकी, दिवसभर ऊन, बाहेरचा वारा आत येत नाही. परीक्षेला अशीच हवी. डब्यांत तुझ्या पुडीतलं बी लावलंय, शेजारी आपली धुऱ्याची भांग. थंडीत दिवस लहान असला की भांगेला घाई होते, वीतभर असतानाच फुलते. आपल्या भांगेतले नर दिसले की उपटून टाकीन, फक्त माद्या ठेवीन. त्यांच्यावर तुझ्या नरांची धूळ पडू दे. माद्या रित्या राहिल्या तर तुझं बी खरं.

इजा खोलीत पाऊल टाकत नाही. उंबऱ्यातून विचारते, "माती कशाला आणली घरात?"

खिमुली

---

९ माघ

खडक,

पेढे वाट. तुझं वांझ बी बाळंत झालं.

चांगलं गुटगुटीत बी धरलंय माद्यांनी. खोलीत तुझ्या पुडीतल्या नरांशिवाय दुसरा बाप नव्हता, तेव्हा संशयाला जागा नाही. त्या व्यापाऱ्याला माझा नमस्कार सांग आणि पैसे परत घे.

धाऱ्यावर पाणी भरताना हे सांगितलं तर बायका घागरी खाली ठेवून हसल्या. तोलीची भागा काखीही होती. बाज्यूंच्या मानलेल्या भावाची बायको, म्हणून आपली काकी, तुझ्या खिशात गुळाचा खडा टाकायची ती. म्हातारी झालीय, पण जीभ अजून धार लावलेली आहे. म्हणाली, "कागदावर वांझ लिहिलं म्हणजे झालं का वांझ? आमच्या खिमुलीलाही एका कागदावरच लिहून परत पाठवलं होतं." एकदम सगळ्या गप्प झाल्या. मग तीच म्हणाली, "काय गं, तोंडात मूग भरले का सगळ्यांच्या? घागरी उचला."

मी आता भ्यालेय, खडक. तो व्यापारी तुला फसवू शकला तर तुझी कंपनी मला किती सहज फसवेल. ही पुडी तपासली नसती तर जेठात हेच बी तोलीत गेलं असतं.

त्या बाटलेल्या बियांचं काय केलं म्हणशील तर चार दाणे रुजवून देठ बघितले आणि बाकी सगळं चुलीत घातलं. मला जाळवत नाही म्हटलं होतं ना? जाळलं. हात भाजला थोडा.

खिमुली

---

३ फागुन

खडक,

अरे, खेचर! एवढंच आधी सांगितलं असतंस तर?

तुझं लांबलचक पत्र मी गोठ्यात वाचायला घेतलं आणि धार काढायची राहूनच गेली. म्हशीनं शेपटीनं आठवण करून दिली. बियाण्यांवर काम करणाऱ्या त्या डॉक्टर मर्तोलियाबाई आपल्याच डोंगरातल्या आहेत हे वाचून बरं वाटलं. नोकरीचं ठिकाण सपाटीवर असलं तरी खेचरं बघून मोठी झालेली बाई आहे, म्हणून इतकं सोपं करून सांगू शकली. घोडी आणि गाढव, दोघांचं पोर ताकदीनं दोघांना मागे टाकतं, पण पुढे वंश नाही. तसंच हे.

मला समजलं ते असं, चुकलं असेल तर सांग. साध्या भांगेत आईचा एक वाटा, बापाचा एक. बाईंनी औषध घालून चार वाट्यांची भांग केली. मग तिचं आणि साध्या भांगेचं लग्न लावलं, की पोरांकडे येतात तीन वाटे. आणि तीनचे दोन सारखे भाग होत नाहीत. म्हणून धूळ उडते, फुलं येतात, सगळं होतं, पण पुढे काही चालत नाही. क्वचित एखादं बी चुकून धरेल, असंही बाईंनी सांगितलं. खोटं बोलायचं असतं तर हे कशाला सांगितलं असतं? मला त्या वाक्यानं विश्वास बसला.

दिवसभर मी दुसरं काही करू शकले नाही. भांग मी जन्मभर बघतेय, सोलतेय, खातेय. तिच्या पोटात असे वाटे असतात, ते मोजता येतात, आणि कुणाला तरी असं सुचतं की एक वाटा जास्तीचा दिला तर हिचं घराणं दुसऱ्याच्या घराण्यात शिरणार नाही! कुणाला कापलं नाही, कुणाला मारलं नाही, नुसता एक वाटा जास्त दिला. मी अंगणात उभी राहून धुऱ्याकडे बघत होते. इजानं विचारलं, "कुणी येतंय का?" मी म्हटलं, "नाही. कुणी येणार नाही अशी सोय झालीय."

हे बी महाग आहे आणि दर वर्षी नवं घ्यावं लागणार, म्हणून साहेब तयार नव्हते. तू त्यांच्या टेबलावर राजीनामा ठेवलास. हे मला दीवानकडून कळलं. तू चार पानं लिहिलीस आणि यातलं अक्षर नाही लिहिलंस. का रे?

बाईंची पुडी लावलीय, त्याच खोलीत. दिवस मोठे व्हायला लागलेत, म्हणून संध्याकाळी उन्हं असतानाच डब्यांवर टोपल्या पालथ्या घालते, भांगेला वाटावं अजून पूसचे लहान दिवसच चाललेत. इजा म्हणते, "कोंबड्या पाळल्यास का?"

खिमुली

---

१८ बैसाख

खडक,

धूळ पडली. खिडकीच्या फळीवर बोट फिरवलं तर पिवळं होत होतं. आणि माद्या रित्या आहेत.

मी त्यांच्या पुढ्यात बसून एकेक बोंड उघडत गेले. रितं. पुढचं, तेही रितं. उलट्या हातानं घाम पुसायचा आणि पुढचं उघडायचं. मला रडू येईल असं वाटलं होतं, तसं झालं नाही. मी थक्क झाले होते. शेजारी तुझ्या डॉक्टरबाईंची झाडं उभी होती, टोपलीखालीसुद्धा कशी माजलेली, देठ करंगळीएवढा जाड, पानं काळीभोर. मुलंबाळं नसल्याचं त्यांच्या गावीही नव्हतं. वांझपणाकडे मी असं टक लावून कधी बघितलं नव्हतं, खडक. त्यात लाज कुठेच नव्हती.

आणि एक. परीक्षा घेताना मी एक खबरदारी घेतली होती. माद्या रित्या राहिल्या तर दोष त्यांचाच कशावरून नाही? म्हणून फुलं यायच्या आधीच एका मादीच्या एका फांदीला पिशवी बांधली, आणि वेळ झाल्यावर आत बोटानं गोठ्यात वेगळ्या वाढवलेल्या आपल्या नराची धूळ लावली. तेवढ्याच फांदीवर बी भरलं. म्हणजे मादी धडधाकट होती.

एवढी साधी गोष्ट. मादीला नाव ठेवण्याआधी बघून घ्यायची. माझ्या सासरी कुणी बघितली नाही. त्यानं नंतर दुसरी केली, तिलाही काही झालं नाही, सगळ्या खोऱ्याला माहीत आहे. पण तोवर माझी खोली ठरून गेली होती.

इजा उंबऱ्यात आली. "धरलं का काही?"

"नाही."

"मग तुझं तोंड का असं फुललंय?"

"नाही धरलं म्हणूनच."

तिनं पदराला हात पुसले. मग आत आली. नऊ वर्षांत पहिल्यांदा. खाटेवर बसली आणि म्हणाली, "ऊन छान येतं गं इथे."

बी पाठव. तोलीच्या पेरणीला माझी हरकत नाही.

खिमुली

---

२५ जेठ

खडक,

पेरणी झाली. साहेबांना कळव.

कुणी केली ते विचारू नकोस.

बरं, सांगते. नाहीतर दीवान सांगेल आणि मीठमसाला लावून सांगेल.

काल सकाळी तोलीच्या सगळ्या बायका शेतात जमल्या, बियांची पोती फोडली आणि कुणी हात लावेना. पहिली मूठ लेकुरवाळीनं टाकायची हे तुला माहीत आहे. पण हे खेचराचं बी. जिला पोरं आहेत तिनं हात लावला तर तिची कूस आटेल, सुनेला लागेल, म्हशीला लागेल, अशी कुजबुज सुरू झाली. कंपनीचा माणूस घड्याळ बघत होता. तो म्हणाला, "मीच टाकतो." तेव्हा भागा काखीनं त्याच्याकडे असं बघितलं की तो जीपमध्ये जाऊन बसला.

मग हळूहळू सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळले. मीच म्हटलं, "माझं काय आटायचंय? द्या इकडे."

एक हसली, मग सगळ्या हसल्या, मीही हसले. आणि पोत्यात हात घातला.

तुला वाटेल त्यात काय मोठंसं. भुला, धाकट्या भावा, भांग कधी पेरायची, किती दाट, कुठल्या उतारावर, हे गावातल्या बायका मला विचारतात. पण आजवर मी कधी पहिली मूठ टाकली नव्हती. दुसरीही नाही. बी माझ्या हातून फक्त निवडलं जायचं. काल पहिल्यांदा टाकलं. बी हातातून सुटताना जो आवाज होतो ना, जमिनीवर बारीक सर आल्यासारखा, तो मी लांबून ऐकलेला होता.

भागा काखी कुदळीनं माती ओढत दिवसभर माझ्या मागे मागे होती, एका हातानं ओटी घट्ट धरून. म्हटलं दमली असेल. "बस काखी," म्हटलं तर खेकसली, "तू पुढे बघ. मागे बघून पेरतात का?"

खिमुली

---

६ भदौ

खडक,

हे लिहिताना माझ्या केसांत अजून धूळ आहे.

तुझी खेचरभांग दोन पुरुष उंच झालीय. शेतात शिरलं की आकाशाची पट्टी तेवढी दिसते. सगळा जोर देठात गेलाय. तोलीच्या बायका बांधावरून येता-जाता हात लावून बघतात, आता कुणाची कूस आटत नाही. कालपासून नर फुललेत. आज दुपारी वारा उठणार हे मला ठाऊक होतं, म्हणून मी सकाळीच धुऱ्यावर चढून बसले.

वर आपली भांगही फुलायला आलेली. सगळ्यात उंच नराला बायकांनी नेहमीसारखा लाल दोरा बांधलाय. त्याला आम्ही बूबू म्हणतो, आणि आजोबांची धूळ संपेपर्यंत कुणी त्याला उपटत नाही. मी त्याच्याजवळ बसले. चिमण्या होत्या, माश्या होत्या, बाकी काही नाही.

जेवणवेळ टळली आणि खाली तोलीची शेतं हलली. आधी एक कोपरा, मग सगळीच. आणि त्यांच्यातून पिवळा धूर उठला. खरंच धूर, मला क्षणभर वणव्याची धास्ती वाटली. तो गाडेवर तरंगला, वळला, आणि आपल्याकडे चढायला लागला. इतका सावकाश की मला पळून जाता आलं असतं. पण पळून कुठे जाणार, मी काय ती धूळ पदरानं अडवणार होते?

आली. माझ्या हातावर बसली, बूबूच्या पानांवर बसली, माद्यांच्या केसरांवर बसली. आणि त्याच वेळी बूबूही सुटला. त्याची धूळ आणि खालची धूळ एकात एक झाली, मला तर फरक कळेना. माझ्या डोक्यावर एवढी गर्दी, आणि त्यातलं कोण पुढे जाणार आणि कोण नाही, हे त्या एवढ्याशा कणाच्या आत आधीच ठरलेलं. बाईंनी सपाटीवर एक वाटा जास्त दिला आणि इथे या उंचीवर त्याचा हिशेब पाळला जातोय. मी हात जोडले. कुणाला ते विचारू नकोस. बूबूला, बाईंना, वाऱ्याला, मला ठाऊक नाही.

भीतीही वाटली, लपवत नाही. माझ्या डब्यांत जे खरं ठरलं ते एवढ्या मोठ्या वाऱ्यातही खरं ठरेल ना? ते असोज सरल्यावर कळेल, बी भरल्यावर.

तुला दाखवायला हवं होतं हे.

खिमुली

---

२ कार्तिक

तोलीच्या शेतात बी सापडलं.

एखाददुसरं नाही. कापणी करताना बायकांच्या ओंजळी भरल्या. कंपनीचा माणूस पिशवी घेऊन गेलाय, म्हणजे तुला कळलं असेलच. तो म्हणाला, वांझ म्हणून जास्तीचे पैसे मोजले आणि हे असं, आता पुढच्या वर्षी साधंच स्वस्त बी आणू, काय फरक पडतो.

फरक मला पडतो. भदौत मी त्या धुळीत बसले होते, खडक. ती सगळी धुऱ्यावर गेलीय.

तू मला फसवलंस का? हो की नाही, एवढंच लिही.

---

१९ कार्तिक

खडक,

तुझं 'नाही' पोचलं. त्याच्या आधीच मला कळलं होतं. आता सगळं नीट सांगते.

तुला लिहिलं त्याच दिवशी मी धुऱ्यावर गेले. रडत गेले म्हण. माद्या भरलेल्या होत्या, पण भरलेल्या असणारच, बूबू होताच की तिथे. बी वरून बघून काय कळणार? मूठभर बी घेऊन परतले आणि मागच्या खोलीत रुजत घातलं, तोलीचं एका डब्यात, धुऱ्याचं दुसऱ्यात. आपल्या भांगेचा देठ उगवतानाच जांभळा असतो. तुझ्याकडची भांग हिरव्या देठाची. बाटलेली मी माघात बघितलीच होती, ती मधलीच, मळकट.

आठ दिवसांनी बघितलं. धुऱ्याची सगळी जांभळी. आणि तोलीची? तीही सगळी जांभळी!

मी डबे उचलून उन्हात धरले. उगीच नाही, खरंच जांभळी, आपली, अस्सल. खेचरभांगेच्या पोटी आपली पोरं कशी येतील? मग डोक्यात लख्ख पडलं आणि मी तशीच मातीच्या हातांनी पूल ओलांडून भागा काखीच्या दारात उभी राहिले.

"काखी, पेरणीला तुझ्या ओटीत काय होतं?"

ती लसूण सोलत होती. मान वर केली नाही.

"सोल ना, उभी काय राहिलीस."

"काखी."

"तुझ्या धुऱ्याचंच होतं," ती म्हणाली. "तू एक मूठ टाकलीस की मागून मी चिमूटभर टाकत होते."

"अगं पण का? सगळा घोळ झाला! माझ्या भावाची नोकरी जायची वेळ आली, सगळ्यांना वाटतंय ते बी खोटं होतं!"

तेव्हा तिनं लसूण खाली ठेवला. "मला ते तीन वाटे अन् चार वाटे कळत नाहीत खिमुली. मला एवढंच कळलं, की जन्मात पहिल्यांदा तू मूठ टाकतेयस आणि ते शेत रितं राहणार. शेत रितं राहिलं असतं तर या बायकांनी कुणाचं नाव घेतलं असतं? बियाण्याचं? तुझं घेतलं असतं. म्हटलं चार झाडं तरी भरू देत. लोकांनी बघू दे, हिच्या हातचं धरतं."

मी तिथेच उंबऱ्यावर बसले. ती रागावून म्हणाली, "आता रडू नकोस, लसणाचं निमित्तही चालायचं नाही."

मग आम्ही दोघी शेतात गेलो, उरलेल्या पेंढ्या एकेक करून बघितल्या. बी जिथे होतं तिथे देठ जांभळा, झाड बुटकं, फांद्यांचं. खेचराच्या उंच काठ्यांवर बोंडं रिती. कापणीच्या दिवशी आम्ही सगळ्या घाबरलो होतो, देठ कोण बघतंय. काखीनं कंपनीच्या माणसाला स्वतः बोलावून सांगितलं आणि वर दम दिला, "लिहून घे. भागा देवीनं केलं. खेचराचं नाव खराब करू नकोस." दोन्ही तऱ्हेच्या पेंढ्या मी दीवानबरोबर डॉक्टरबाईंकडे पाठवल्यात.

म्हणजे बघ. एवढी धूळ उडाली, वर गेली, आपल्या माद्यांवर बसली, आणि धुऱ्यावर एकही देठ हिरवा नाही. ज्या शेतात दोन्ही भांगा खांद्याला खांदा लावून वाढल्या तिथेही आपली ती आपलीच राहिली. याहून मोठी परीक्षा मला सुचली नसती. काखीच्या वेड्या मायेनं घेतली.

तुला फसवलंस का म्हणून विचारलं ते परत घेते. जोड्यांच्या करकरीचं परत घेत नाही. तू लिहिलंस, "त्या दिवशी कडी काढायला हात वर केला होता, इजा बघत होती म्हणून खाली घेतला." खाली घेतलास हे मला माहीत होतं. वर केला होतास हे नव्हतं.

खिमुली

---

११ जेठ

खडक,

बाईंचं बी पुढच्या तीन वर्षांसाठी पक्कं झालं, हे वाचलं. तोलीत परवा पेरणी झाली. यंदा पहिली मूठ टाकायला बायकांची रांग होती. काखीची ओटी मी आधी झाडून घेतली, तिनं मला शिव्या घातल्या.

पण पत्र त्यासाठी नाही.

गेल्या आठवड्यात घराखालच्या वाफ्यात आपली भांग पेरायची होती. घरचं बी थकलंय, म्हणून धुऱ्याचं आणलेलं. मी माती केली, दगड वेचले, आणि दर वर्षीसारखी बांधावर जाऊन बसले. पहिली मूठ इजाची. ती काठी टेकत आली, टोपलीतून ओंजळ भरली, आणि वाफ्यात उतरायचं सोडून माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"हात पुढे कर."

मी केला. तिनं बी माझ्या हातात ओतलं.

"टाक."

"इजा, मी?"

"मग काय मी टाकू? गुडघे बघ माझे."

गुडघ्यांना काही झालेलं नाही. सकाळीच ती गुरांमागे वरच्या कुरणापर्यंत गेली होती. पण आपल्या घरात माफी कुणी मागितलेली तुला आठवते का? मी वाफ्यात उतरले आणि टाकलं. या वेळी हे बी रुजायचंच होतं, खडक. तोच आवाज, बारीक सर आल्यासारखा.

सुट्टी मिळेल तेव्हा ये. बायकोला, पोरीलाही आण. पोर सहा वर्षांची झाली आणि मी तिला बघितलेलं नाही. तुमचं अंथरूण मागच्या खोलीत घालते, तिथे ऊन छान येतं. बाहेरची कडी मी काढून टाकलीय. तिचे खिळे निघता निघत नव्हते.

काल सकाळी वाफ्यात जाऊन बघितलं. सगळीकडे आलंय. दोन-दोन पानं, जांभळे देठ, कुठे रिकामं म्हणून नाही. मी धावत वर आले आणि इजाला सांगितलं, "इजा, आलं गं!"

ती ताक घुसळत होती. थांबलीसुद्धा नाही.

"येणारच," म्हणाली. "हात कुणाचा होता."

दिदी